हलकी ओएस नोडवर जरूर, पण इमेजमध्ये डोळे मिटून नको

कर्नलकर: ‘इमेजमास्तर’ यांची कालची पोस्ट: "क्लाउड-नेटिव्ह कामाला जड ओएस म्हणजे उधळपट्टी. नोड असो वा कंटेनर, सगळीकडे अल्पाइन टाका, ५ एमबीत भागतं." कुबरनेटीसमध्ये (अनेक मशीनवर कंटेनर चालवणारी प्रणाली) नोड म्हणजे ते मशीन, कंटेनर म्हणजे इमेजमधून (अ‍ॅप आणि त्याला लागणाऱ्या फाइलींचं गाठोडं) चालणारं अ‍ॅप, आणि अल्पाइन हे छोटं लिनक्स. नोड आणि कंटेनर या दोन वेगळ्या गोष्टींची ही सरमिसळ आहे आणि नवे लोक ती तशीच उचलतात, म्हणून सविस्तर लिहितो.

नोडवर टालोस, फ्लॅटकार किंवा बॉटलरॉकेट अशी कंटेनरसाठीची हलकी ओएस घ्यायची ती एमबी वाचवायला नव्हे. मेमरी खातात ते पॉड (एकत्र चालणाऱ्या कंटेनरांचा गट). खरा लाभ रीड-ओन्ली सिस्टिमचा. फ्लॅटकारमध्ये यूएसआर-ए, यूएसआर-बी अशी दोन पार्टिशनं असतात. नवी आवृत्ती रिकाम्या पार्टिशनवर उतरते, रीबूटनंतर तिथून बूट होते, फसलं तर जुनी जागेवर असतेच. अपग्रेड मध्येच तुटून अर्धी पॅकेजं नवी, अर्धी जुनी असा नोड मागे उरत नाही.

शेलवाला: आणि नोड ‘नॉट रेडी’ झाला की? टालोसमध्ये एसएसएच (दुरून लॉगिन) नाही, शेल (कमांड द्यायची जागा) नाही. हातपाय बांधून पोहायला सांगताय.

कर्नलकर: अहो, कुबरनेटीसची ‘क्यूबसीटीएल डीबग नोड’ कमांड आहे की. पॉड उघडतो, नोडची फाइलसिस्टिम ‘/होस्ट’खाली दिसते.

शेलवाला: क्यूबलेटच (नोडवर पॉड सुरू करणारा एजंट) मेला असेल तर तो पॉड सुरू कोण करणार?

कर्नलकर: बरोबर, तिथे ते चालणार नाही. तेव्हा टालोसच्या स्वतःच्या कमांड, ‘टालोससीटीएल लॉग्ज क्यूबलेट’ आणि ‘टालोससीटीएल डीमेसेज’. ते कुबरनेटीसला वळसा घालून थेट नोडच्या ५०००० पोर्टवर बोलतं. फायरवॉलमध्ये तो पोर्ट बंद ठेवलात तर मात्र कन्सोलवर लॉग वाचत बसा.

शेलवाला: म्हणजे नेटवर्क कॉन्फिग चुकलं की संपलं. शिवाय लाँगहॉर्नला (क्लस्टरचं स्टोरेज) आयस्कझी (नेटवर्कवरून डिस्क जोडायची सोय) लागतं, टालोसवर त्याचं एक्स्टेन्शन ओएसची इमेज बनवतानाच घालावं लागतं, नंतर पॅकेज टाकायची सोय नाही. हे आधी सांगा ना लोकांना!

रिझॉल्व्हर: नोडचं राहू द्या, खरी डोकेदुखी अल्पाइन इमेजमधलं मसल, म्हणजे तिची सी लायब्ररी, आहे. १.२.४ च्या आधी त्याचा डीएनएस (नावावरून पत्ता शोधणं) टीसीपीवर जातच नसे. हेडलेस सर्व्हिसमागे (प्रत्येक पॉडचा पत्ता देणारी सर्व्हिस) पॉड वाढले, उत्तर ५१२ बाइटच्या वर गेलं, की पत्ते अर्धवट, कधी रिकामे.

इमेजमास्तर: जुनं उगाळू नका. अल्पाइन ३.१८ पासून, म्हणजे २०२३ पासून, ते सुटलंय. बाकी ‘एनडॉट्स’ (नावात किती डॉट असले की ते आधी जसंच्या तसं विचारायचं, ती सेटिंग) ५ वरून २ करा, फालतू क्वेरी थांबतात.

रिझॉल्व्हर: हाच सल्ला घात करतो! नावात ‘एनडॉट्स’ इतके किंवा जास्त डॉट असले की मसल सर्च यादी (नावापुढे जोडून पाहायच्या डोमेनची) अजिबात लावत नाही. जीलिबसी, म्हणजे डेबियनची सी लायब्ररी, आधी नाव जसंच्या तसं विचारतं, नाही मिळालं तर यादी लावून पाहतं. म्हणून २ ठेवल्यावर ‘ऑर्डर्स.प्रॉड’ दोन्हीकडे चालेल, पण ‘ऑर्डर्स.प्रॉड.एसव्हीसी’ डेबियनमध्ये सापडेल आणि अल्पाइनमध्ये नाही. तीच यामल (कॉन्फिग फाइल), तोच क्लस्टर. पूर्ण नाव लिहा, शेवटी डॉट देऊन.

इमेजमास्तर: हे लक्षात आलं नव्हतं, मान्य. पण एवढ्यासाठी ५ एमबीची इमेज सोडायची?

रिझॉल्व्हर: एवढंच नाही. थ्रेडचा स्टॅक मसलमध्ये १२८ केबी, जीलिबसीत साधारण ८ एमबी. खोल रिकर्शन असलं की सेगफॉल्ट (प्रोग्रॅम कोसळतो), आणि दोष कोडला. अल्पाइनवर पायथॉनचं ‘मेनीलिनक्स’ व्हील (आधीच बांधलेलं पॅकेज) चालत नाही. ‘मसललिनक्स’ व्हील नसेल तर पिप सोर्समधून बांधायला घेतं, त्यासाठी जीसीसी कंपायलर आलं, मसल-डेव्ह आलं, बिल्ड रेंगाळला. एकाच स्टेजची डॉकरफाइल (इमेज बांधायची कृती) असेल तर ही साधनंही आतच राहतात आणि इमेज डेबियन-स्लिमहून जड!

कर्नलकर: वर, सगळ्या सेवांची बेस इमेज एकच असेल तर तो लेयर नोडवर एकदाच उतरतो. चाळीस सेवांसाठी डेबियन-स्लिमचे ७५ एमबी चाळीस वेळा मोजू नका.

इमेजमास्तर: गो भाषेतल्या अ‍ॅपला तरी अल्पाइन चालेल की नाही?

रिझॉल्व्हर: ‘सीगो_एनेबल्ड=०’ (सी कोडशिवाय) ठेवून बिल्ड केलंत तर अल्पाइनही कशाला? स्क्रॅच, म्हणजे पूर्ण रिकामी इमेज, घ्या. सीए सर्टिफिकेटं कॉपी करायला विसरू नका, नाहीतर पहिल्याच एचटीटीपीएस कॉलला एक्स५०९ ची (सर्टिफिकेट तपासणीची) एरर येईल. टाइमझोन वापरत असाल तर टीझेडडेटाही (टाइमझोनची माहिती) लागेल.

शेलवाला: आणि त्या स्क्रॅच पॉडमध्ये शिरायचं कसं?

कर्नलकर: चालू पॉडला एफेमेरल (तात्पुरता) कंटेनर जोडा, ‘--टार्गेट’मध्ये अ‍ॅपचा कंटेनर देऊन. अ‍ॅपच्या प्रोसेस दिसतात, त्याची फाइलसिस्टिम ‘/प्रॉक/१/रूट’मध्ये. अ‍ॅप ज्या यूजरने चालतं तोच यूजर ठेवा, नाहीतर परवानगी नाकारली जाईल.