मुक्कामाच्या ठिकाणी ओळखपत्रे आणि खासगी माहिती : आपले अनुभव

हॉटेलात उतरताना ओळखपत्र दाखवणे टाळता येत नाही आणि टाळूही नये, कारण पाहुण्यांची नोंद ठेवणे चालकांना बंधनकारक असते; काळजी वाटते ती नोंद झाल्यावर मागे राहणाऱ्या छायाप्रतीची. आपण काय करता आणि काउंटरवर काय उत्तर मिळते, हे कृपया सविस्तर लिहावे.

पुणे : मी 'मास्क्ड आधार' देते. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून ते उतरवून घेताना तसा पर्याय निवडला की बारापैकी पहिले आठ अंक झाकले जातात. गुहागरच्या एका लॉजवर "पूर्ण नंबर लागतो, पोलीस विचारतात," असे सांगण्यात आले, तेव्हा वाद न घालता मी मतदार ओळखपत्र पुढे केले आणि ते विनातक्रार चालले. आधारच द्यावे लागते हा समज फार पसरला आहे.

नाशिक : मला अधिक धोक्याचे वाटते ते व्हॉट्सॲप. खोली आरक्षित केल्यावर "सगळ्यांचे आधार पाठवून ठेवा" असा निरोप बहुधा एखाद्या कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या मोबाइलवरून येतो, आणि तो कर्मचारी नोकरी सोडून गेला तरी घरातल्या सर्वांचे पत्ते, जन्मतारखा व छायाचित्रे त्याच्याकडेच राहतात. आम्ही नम्रपणे "आल्यावर दाखवतो" असे कळवतो. प्रत द्यावीच लागली, तर तिच्यावर हॉटेलचे नाव, तारीख आणि 'केवळ मुक्कामाच्या नोंदीसाठी' असे आडवे लिहून सही करतो.

लंडन : माझे पारपत्र ब्रिटिश असल्याने भारतातल्या हॉटेलांना माझी माहिती २४ तासांत अधिकाऱ्यांना कळवावी लागते, तिथे नकार देता येत नाही. म्हणूनच २०१८ मध्ये मॅरियटच्या स्टारवुड आरक्षण यंत्रणेतील माहितीचोरी उघड झाली आणि ५० लाखांहून अधिक पारपत्र क्रमांक सांकेतिक रूपात न बदलता साठवलेले होते असे समजले, तेव्हा मला संताप आला. सक्तीने घेतलेली माहिती जपण्याची जबाबदारी घेणाऱ्याचीच असली पाहिजे.

ठाणे : खोलीतल्या स्मार्ट टीव्हीवर स्वतःच्या खात्याने काही पाहिले असेल, तर निघण्यापूर्वी लॉगआउट करावे.

पणजी : रात्री उशिरा खोलीतल्या फोनवर "रिसेप्शनवरून बोलतोय, तुमचे कार्ड चालले नाही, नंबर पुन्हा सांगा," असे एकाने वडिलांना विचारले. वडिलांनी फोन ठेवला आणि ते स्वतः खाली गेले. तिथून कोणीही फोन केलेला नव्हता. ज्यांचे पैसे अशा फोननंतर गेले असतील, त्यांनी सकाळची वाट न पाहता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.