‘स्मार्ट कॅज्युअल’ला मराठीत काय म्हणावं? (फुटबॉलच्या मैदानावरचे लाउंज आणि तिथले कपडे)

पेनल्टीपुरता
मी इंग्लंडच्या वायव्य भागात राहतो. मंडळातल्या काही घरांत सध्या पुण्या-सांगलीकडून आई-वडील, सासू-सासरे आलेत. त्यांना एकदा फुटबॉलचा सामना दाखवायचा बेत आहे. गुडघे आणि जिने यांचं जमत नसल्यामुळे हॉस्पिटॅलिटीची तिकिटं काढली: आधी लाउंजमध्ये जेवण, मग दार उघडलं की लगेच गादीच्या खुर्च्या. तिकिटांसोबत क्लबाने कपड्यांबद्दलचा कागद पाठवलाय. वर मोठ्या अक्षरात ‘स्मार्ट कॅज्युअल’. खाली काय चालणार नाही त्याची यादी: ट्रॅकसूट, फाटक्या जीन्स, ट्रेनर्स (म्हणजे स्पोर्ट शूज), बेसबॉलच्या टोप्या, फुटबॉलचे शर्ट. आणि ठळक अक्षरांत, ‘अवे कलर्स’ अजिबात नाहीत.

या मंडळींसाठी व्हॉट्सॲपवर मराठीत सूचना लिहायची आहे. ‘अनौपचारिक पण आकर्षक पोशाख’ असं लिहून दाखवलं तर सासूबाई म्हणाल्या, “आकर्षक म्हणजे कुणाला?” कृपया नेमका शब्द सुचवा.

शब्दखोर
‘अनौपचारिक’ आधी खोडा. कोशात तो बरोबर असेल, पण ब्रिटिश आमंत्रणांच्या जुन्या रिवाजात ‘इन्फॉर्मल’ म्हणजे सूट आणि टाय. शेपटीचा कोट किंवा काळा बो असेल तर ते फॉर्मल, त्याखालचं सगळं इन्फॉर्मल.

‘लाउंज सूट’ची गोष्ट तर याहून मजेदार. एकोणिसाव्या शतकात तिथला सभ्य पुरुष शहरात फ्रॉक कोट नाहीतर मॉर्निंग कोट घालून हिंडायचा. लाउंज म्हणजे रेलणं, लोळणं. आखूड, बिनशेपटीचा कोट आणि त्याच कापडाची विजार हे घरी किंवा गावाकडे आरामात बसायचे कपडे, म्हणून ते लाउंज सूट. तोच पुढे कचेरीत शिरला आणि आज आमंत्रणावर ‘लाउंज सूट’ छापलं असेल तर गळ्याशी टाय लागते. विम्बल्डनच्या रॉयल बॉक्समध्ये २०१५ च्या अंतिम सामन्याला मोटारशर्यतींचा विजेता लुइस हॅमिल्टन फुलाफुलांचा शर्ट घालून गेला, कोट-टाय नाही म्हणून त्याला आत सोडलं नाही. फुटबॉलमध्ये इतका कडकपणा उरलाय तो अनेक क्लबांच्या संचालकांच्या बॉक्सात, म्हणजे त्यांच्या राखीव जागेत. तुमच्या लाउंजला लाउंज सूट लागणार नाही, निर्धास्त राहा.

निवृत्त अव्वल कारकून
‘कॅज्युअल’ला शासकीय मराठीत दोन शब्द आहेत. कॅज्युअल लीव्ह म्हणजे नैमित्तिक रजा, आमच्या बोलण्यात किरकोळ रजा. तेव्हा ‘स्मार्ट किरकोळ’ लिहा आणि मोकळे व्हा.

चेष्टा सोडा. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने कर्मचाऱ्यांच्या पेहरावाचं परिपत्रक काढलं होतं. जीन्स, टी-शर्ट नको, चपला नकोत, शुक्रवारी खादी वापरा. आमच्या साहेबांना त्यातली यादी तेवढी समजली आणि त्यांनी तेवढीच वाचून दाखवली. शोभेलसा, नीटनेटका असली विशेषणं प्रत्येक जण आपल्या सोयीने वाचतो. यादीत लबाडीला जागा नसते. तुम्हीही यादीच लिहा.

लोअरपरळ
मला वाटतं गोंधळाचं मूळ ‘कॅज्युअल’मध्ये आहे, आणि फुटबॉलच्या मैदानावर तर फारच. तिथे या शब्दाला वेगळा, थोडा रक्ताळलेला अर्थ आहे.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी लिव्हरपूलचे पाठीराखे युरोपीय स्पर्धांच्या निमित्ताने इटली, फ्रान्स, जर्मनीला जाऊ लागले आणि येताना तिथले महागडे खेळाचे कपडे आणू लागले: फिला, सर्जिओ टॅकिनी, लाकोस्त, इंग्लंडमध्ये न मिळणारे आदिदासचे बूट. काही विकत घेतलेले, काही तसेच उचललेले. मँचेस्टर, लंडन, स्कॉटलंडात ॲबरडीन, सगळीकडे हे लोण पसरलं. या पोरांना ‘कॅज्युअल्स’ म्हणायला लागले. त्यांची खूण अशी की अंगावर क्लबाचा रंग नाही. मफलर नाही, बिल्ला नाही. पोलीस रंग बघून पकडायचे, गुळगुळीत टेनिसचा शर्ट घातलेल्या पोराकडे दुर्लक्ष करायचे. मारामाऱ्या करणाऱ्या टोळ्यांना हे फारच सोयीचं पडलं. अर्थात असे कपडे घालणारा प्रत्येक जण मारामारीवाला नव्हता, बऱ्याच जणांना नुसती कपड्यांची हौस होती.

आता गंमत बघा. लाउंजचा कागद म्हणतो, क्लबाचा शर्ट नको, कॉलरचा चालेल. १९८२ चा कॅज्युअल या नियमात अगदी चपखल बसला असता, फक्त दारात बूट काढून ठेवावे लागले असते. ट्रेनर्स म्हणजे त्याच्या लेखी सर्वस्व!

त्याच्याही आधीचे फोटो पाहा. उभ्याने सामना बघणाऱ्या गर्दीत कामगारांची डोकी सपाट टोप्यांची, अंगात कोट, पुष्कळांच्या गळ्यात टाय. शनिवारी दुपारी गिरणी सुटली की त्याच कपड्यांत मैदान. क्लबाचा शर्ट दुकानातून घेऊन आपण घालायचा ही पद्धत सत्तरच्या दशकात ॲडमिरल कंपनीने लीड्स आणि इंग्लंड संघाच्या शर्टांचा धंदा सुरू केला तेव्हापासूनची. म्हणजे जो शर्ट आज ‘खऱ्या’ पाठीराख्याची खूण मानतात आणि लाउंजवाले नाकारतात, तो एका पिढीच्या हौसेचा माल आहे.

सासवडची सून
सगळं वाचलं. दादा, तुमच्या सासूबाईंना हे नको आहे, त्यांना कपाटातलं काय काढायचं ते हवंय.

मराठीत कपड्यांची वाटणी आहेच की. घरातले कपडे, येण्याजाण्याचे कपडे आणि ठेवणीतले कपडे. ट्रॅकसूट म्हणजे घरातला. शालू, शेरवानी ठेवणीतली. मधले ते तुमचे स्मार्ट कॅज्युअल. “येण्याजाण्याचे चांगले कपडे घाला” एवढं म्हटलं की आमच्या आईला कळतं: बारशाला जाईल तशी जाईल, लग्नाला जाईल तशी नाही.

‘स्मार्ट’ तेवढं टाळा. आपल्याकडे स्मार्ट म्हणजे दिसायला बरा मुलगा, नाहीतर ‘जास्त स्मार्टपणा करू नकोस’ मधला. इंग्रजांचा स्मार्ट म्हणजे इस्त्री केलेला, टापटीप. तो अर्थ आपल्या स्मार्टमधून केव्हाच गळाला.

आणि कागदावरच्या यादीतला खरा घोळ तुमच्या लक्षात आलाय का? बूट! इकडून येणारे सगळे ज्येष्ठ पुण्याहून निघतानाच पांढरे स्पोर्ट शूज घेऊन येतात. साडीवर तेच, पँटवर तेच, पायजम्यावर तेच. ‘ट्रेनर्स चालणार नाहीत’ हे वाचून आमचे मामा म्हणाले होते, “आमच्याबरोबर जिमचा ट्रेनर कशाला येईल?”

पेनल्टीपुरता
ताई, अगदी! सहा जोड पांढरे बूट आहेत. यावर काय करावं?

सासवडची सून
क्लबाला ईमेल करा. वय आणि गुडघे सांगितले की स्वच्छ साध्या बुटांना बहुतेक ठिकाणी कुणी अडवत नाही, पण आधी लेखी विचारलेलं बरं. साडीची काळजी करू नका. साडीला आत सोडलं नाही असं मी अजून ऐकलेलं नाही. स्वेटर मात्र न्या, गादीच्या खुर्च्या असल्या तरी उघड्यावरच असतात. कागदात कुठे ‘जंपर’ लिहिलं असेल तर तो स्वेटरच. माझ्या आजेसासूबाईंना जंपर म्हणजे पोलक्याचा भाऊ वाटायचा.

मडगांवकार
‘अवे कलर्स’वर कुणीच बोललं नाही. मराठी वर्तमानपत्रात अवे टीम म्हणजे ‘पाहुणा संघ’. हॉस्पिटॅलिटी म्हणजे पाहुणचार. म्हणजे तुमच्या कागदाचं शुद्ध मराठी असं होतं: पाहुणचाराच्या दालनात पाहुण्यांना मज्जाव.

कारण साधं आहे. तिकडे दोन्ही बाजूंचे पाठीराखे वेगळे बसवतात आणि हे लाउंज यजमानांच्या भागात असतात. पाहुण्या संघाचा मफलर घालून कुणी गोलवर नाचला तर जेवणाच्या टेबलावरच भांडण. ज्येष्ठांना हे समजावून सांगा, कारण नातवाने दिलेला भलत्याच क्लबाचा टी-शर्ट प्रेमाने घालून येणारे आजोबा असतातच. आमच्या मडगावच्या फातोर्डा मैदानावर असली भानगड नाही, कपडे कुठलेही, फक्त घसा शाबूत हवा.

शब्दखोर
मडगांवकार, वा! फक्त ‘पाहुणचार’ शब्दाला माझी हरकत. पाहुणचार कधी बिल देत नाही. माणशी शेकडो पौंड मोजून मिळतो तो पाहुणचार कसला? पैसे, हुद्दा, व्यवस्था आणि खाणंपिणं एकत्र असेल तिथे जुन्या कागदपत्रांत शब्द आहे सरबराई. सरदार मुक्कामाला आला की गावाने त्याची सरबराई करायची, मनात असो वा नसो. ‘सरबराई दालन’ म्हटलं की भाव नेमका येतो. ‘आदरातिथ्य कक्ष’ ऐकल्यावर मला विश्रामगृहातली गळकी बादली आठवते.

लोअरपरळ
सरबराई आवडलं. आता लाउंज आणि बॉक्स यांतला फरकही सांगायला हवा. बॉक्स म्हणजे काचेमागची खाजगी खोली, एका कंपनीची किंवा कुटुंबाची. इंग्लंडमध्ये ही प्रथा ओल्ड ट्रॅफर्डने आणली, १९६६ च्या विश्वचषकासाठी नवा स्टँड बांधला तेव्हा. लाउंज म्हणजे सामायिक जेवणघर. सामना सुरू झाला की तिथून उठून बाहेर खुर्चीवर यायचं. हातातला पेला मात्र आतच ठेवून यावा लागतो, कारण १९८५ च्या कायद्याने तिथे खेळपट्टी दिसेल अशा जागी फुटबॉल चालू असताना दारू पिता येत नाही. तुमच्या काकांना हे आधीच सांगा, नाहीतर दारातच वाद.

सासवडची सून
खेळपट्टी क्रिकेटची हो. इथे मैदान म्हणा.

लोअरपरळ
मान्य. वानखेडेची सवय.

पेनल्टीपुरता
मसुदा असा केलाय, बघा:

“सामन्याला येण्याजाण्याचे चांगले, इस्त्रीचे कपडे घालावेत. पुरुषांनी कॉलरचा शर्ट व पँट, किंवा स्वच्छ झब्बा-पायजमा. स्त्रियांनी साडी किंवा ड्रेस. ट्रॅकसूट, फाटकी जीन्स आणि बेसबॉल टोपी नको. बुटांचं क्लबाला विचारलंय, कळवतो. कुठल्याही फुटबॉल क्लबाचं नाव किंवा चिन्ह असलेले कपडे घालू नयेत, नातवाने दिलेले असले तरी. बाहेर बसताना थंडी वाजते, स्वेटर-मफलर (साधा, एका रंगाचा) आणावा.”

शीर्षक ‘ड्रेसकोड’ ठेवू का ‘पोशाखसंहिता’?

सासवडची सून
दोन्ही नको! ‘ड्रेसकोड’ लिहिलंत तर पहिला प्रश्न येईल, “रंग कोणता?” आपल्याकडे आता ड्रेसकोड म्हणजे सगळ्यांनी एका रंगाचं घालणं. हळदीला पिवळा, भिशीला पैठणी. इंग्रजीत तो शब्द काय चालणार नाही ते सांगतो, आपण त्याचा अर्थ ‘सगळे सारखे’ करून टाकलाय. आणि नेमका तुमच्या हौशी मंडळींनी लाल ठरवला आणि त्या दिवशी पाहुणा संघ लालवाला निघाला म्हणजे झालं.

शब्दखोर
‘संहिता’ हा शब्द दंडसंहितेपासून आचारसंहितेपर्यंत सगळीकडे धाक घालत आलाय, देवळांच्या पाट्यांवर ‘वस्त्रसंहिता’ म्हणूनही. जेवायला बोलावताना नको. ‘कपड्यांविषयी’ एवढं पुरे. ‘पेहराव’ही चालेल.

झब्बा-पायजमा घातलात ते बरं केलंत. २०१४ मध्ये चेन्नईत चेपॉकला तमिळनाडू क्रिकेट संघटनेच्या क्लबात उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना वेष्टी (तिकडचं धोतर) नेसली म्हणून आत घेतलं नव्हतं. त्याच वर्षी तिथल्या विधानसभेने कायदा करून वेष्टीवरची बंदी उठवली. स्वतः इंग्रज मात्र आता पुष्कळ सैल झालेत, बरेच फुटबॉल क्लब लाउंजमध्ये यजमान संघाचा शर्टही चालवून घेतात.

मडगांवकार
लाउंजवाल्यांना तिकडे ‘कोळंबी सँडविचवाले’ म्हणतात हे सांगून ठेवा, नाहीतर कुणीतरी मेनूत शोधत बसेल. मँचेस्टर युनायटेडचा कर्णधार रॉय कीन नोव्हेंबर २००० मध्ये डायनामो कीव्हविरुद्धच्या सामन्यानंतर स्वतःच्याच प्रेक्षकांवर उखडला होता. दोन घोट प्यायचे, कोळंबीचं सँडविच खायचं, आणि मैदानावर काय चाललंय ते यांना कळत नाही, असा एकंदर सूर. तेव्हापासून हा शब्दप्रयोग तिथल्या भाषेत रुळला. आमच्याकडे कोळंबी खाणारा सामन्यात जास्त ओरडतो, त्यामुळे गोव्यात या शिवीचा काही उपयोग नाही.

निवृत्त अव्वल कारकून
माझी एक शंका. पुण्याच्या व्यंकीज समूहाने २०१० मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स विकत घेतला. समजा तिथल्या संचालकांच्या बॉक्सचं आमंत्रण आलं आणि त्यावर ‘जॅकेट आवश्यक’ असलं, तर माझं जाकीट चालेल का? खादी भांडारातलं आहे, चांगलं आहे.

शब्दखोर
आमंत्रण आलं तर आम्हालाही न्या. पण त्यांचं जॅकेट म्हणजे बाह्यांचा कोट, आपलं जाकीट बिनबाह्यांचं. एकाच शब्दाची दोन भावंडं, एकाच्या बाह्या वाटेत गळाल्या. जाकिटावर दारात अडकाल. बंद गळ्याचा कोट शिवून घ्या, त्याला टायही लागत नाही. तरीही आमंत्रणावर टाय लिहिलीच असेल तर फोन करून विचारा.

निवृत्त अव्वल कारकून
शिंपी सध्या गणपतीपर्यंत घेत नाही म्हणतोय.