कबुलीनंतरचा बांध

"पाप देवाजवळ मनातल्या मनात कबूल केलं की झालं, माणसांना कशाला सांगायचं?" हे काहींचं म्हणणं मला अर्धंच पटतं. क्षमा देवच करतो, हे खरं. आणि लपवलेलं पाप माणसाला आतून पोखरतं, हेही खरं. बायबलमधल्या स्तोत्र 32 मध्ये दावीद राजा सांगतो, गप्प राहिलो तेव्हा हाडं झिजली. पण ज्याचं नुकसान केलं त्याचं काय? बायबलच्याच गणना या पुस्तकाच्या 5व्या अध्यायात कबुलीसोबत पूर्ण भरपाई आणि वर पाचवा हिस्सा द्यायला सांगितलंय. येशूला भेटलेला जकातदार जक्कय तर चौपट द्यायला निघाला होता.

आमच्या नवापूरकडच्या मंडळीतला, म्हणजे चर्चमधला, एक शेतकरी प्रभुभोजनाच्या (येशूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या) वेळी पेला तसाच पुढे सरकवायचा. तब्येतीचं कारण सांगायचा. खरी गोष्ट अशी की नांगरटीला दरवर्षी बांध थोडा थोडा कोरून त्याने शेजाऱ्याच्या वावरातली पट्टी आपल्याकडे घेतली होती. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 27व्या अध्यायात जे 12 शाप आहेत, त्यात शेजाऱ्याच्या हद्दीची खूण सरकवणाराही आहे. ते वचन वाचलं गेलं त्या रविवारी तो चर्चच्या पाळकांकडे जाऊन रडला. पाळकांनी प्रार्थना केली, पण मत्तय 5:23-24 (अर्पणाआधी भावाशी समेट कर, हे येशूचं वचन) काढून म्हणाले, "भाऊ, आधी शेजाऱ्याकडे जा." शेजारी ख्रिस्ती नाही, म्हणून लाज जास्त. तरी तो गेला, पेरणीआधी दगड जुन्या जागी रोवले, तुरीतला हिस्साही दिला. शेजारी अजून त्याच्याशी नीट बोलत नाही, पण हा आता पेला घेतो.