पहिली फ्लिंटलॉक रायफल कोणाकडून घ्यावी? (सल्ला हवा आहे)

हॅरिसबर्गकर

नमस्कार मंडळी.

पेनसिल्व्हेनियात नाताळनंतर हरणांच्या शिकारीचा फ्लिंटलॉक हंगाम सुरू होतो आणि त्यासाठी चकमकीवर उडणारी ठासणीची बंदूकच लागते. १९७४ पासून चालत आलेल्या या हंगामात एकदा तरी उतरावे, अशी इच्छा बरीच वर्षे मनात आहे. हंटर एज्युकेशनचा अभ्यासक्रम झाला आहे, जवळच्या क्लबचे सदस्यत्व घेतले आहे आणि तेथील ज्येष्ठ मंडळींच्या कृपेने त्यांच्या रायफली चालवूनही पाहिल्या आहेत. आता स्वतःची घ्यायची आहे, म्हणून येथील जाणकारांना विचारत आहे.

पन्नास यार्डांपर्यंत कागदी लक्ष्यावर नियमित सराव आणि हंगामात एखादे हरीण, एवढीच माझी गरज आहे. उंची साडेपाच फूट, नेम उजव्या डोळ्याने. केवळ रायफलीसाठी साधारण १,५०० डॉलर बाजूला ठेवले आहेत. सुतारकाम थोडेफार येते, धातूकाम येत नाही.

आतापर्यंत चार वाटा दिसल्या. पहिली म्हणजे ट्रॅडिशन्स कंपनीची स्पेनमध्ये तयार होणारी रायफल, जी सर्वांत स्वस्त आहे. दुसरी इटलीतील पेदेरसोलीची. तिसरी ओहायोच्या किबलर यांचा संच आणून घरी जुळवण्याची. चौथी एखाद्या स्वतंत्र कारागिराकडून घडवून घेण्याची, पण तिथे किंमत माझ्या आवाक्याबाहेर जाते आणि प्रतीक्षाही फार आहे. लँकेस्टर परगण्याच्या परिसरात अठराव्या शतकात जर्मन कारागिरांनी आखूड, जाड नळीच्या येगर रायफलीपासून ही लांब नळीची अमेरिकन रायफल घडवत नेली. हा सगळा इतिहास घरापासून तासाभराच्या अंतरावर असताना निव्वळ किंमत पाहून काहीतरी उचलावे, हे मनाला पटत नाही. कोणावर विश्वास ठेवावा, आणि तो ठेवण्याआधी काय तपासावे?

जुनी नळी

हॅरिसबर्गकर साहेब, आपण गरज आणि बजेट दोन्ही स्पष्ट लिहिले आहे, त्यामुळे सांगणाऱ्याचे काम सोपे झाले.

कंपनीचे नाव सर्वांत शेवटी पाहा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आधी तीन गोष्टी विचारा: लॉक (ठिणगी पाडणारी यंत्रणा) कोणाचे आहे, नळी कोणाची आहे, आणि उद्या एखादी स्प्रिंग तुटली तर ती कोण बदलून देणार. टोपीच्या म्हणजे पर्कशन रायफलीत लॉक सुमार असले तरी घोडा टोपीवर पडतो आणि बार उडतो, पण फ्लिंटलॉकमध्ये सगळी भिस्त लॉकवरच असते. तिथे हलका माल घेतला, तर नवशिक्या माणूस रंजक (बाहेरच्या रंजकदाणीत घातलेली चिमूटभर दारू) पेटण्याची वाट पाहत नेम हलवायला शिकतो आणि ती सवय पुढे सुटता सुटत नाही.

चांगले लॉक ओळखायचे कसे, तर ते हातात घेऊनच. रायफल रिकामी असल्याची खात्री करून, विक्रेत्याच्या परवानगीने, घोडा अर्ध्या चापावर, म्हणजे अर्धाच मागे ओढून, ठेवा आणि फ्रिझन, म्हणजे ज्या पोलादी पात्यावर घोड्यात धरलेली गार (चकमकीचा दगड) आपटते ते, बंद करा. गारेची धार त्या पात्याच्या अगदी जवळ, पण त्याला न टेकता राहिली पाहिजे. अर्ध्या चापावर असताना घोडा बोटाने पुढे ढकलला किंवा ट्रिगर दाबला, तरी तो सुटता कामा नये, आणि सुटला तर ती रायफल तिथेच ठेवून निघावे. मग अंधाऱ्या कोपऱ्यात, रंजक न घालता, एकदा चाप ओढून पाहा. गारेने पात्याच्या वरच्या भागावर आपटून खाली खरवडत यावे, फ्रिझन झटक्यात उघडावे आणि ठिणग्या रंजकदाणीच्या तळाशी पडाव्यात. चार-दोन लालसर ठिणग्या बाहेरच्या बाहेर उडून गेल्या, तर एकतर गार बोथट आहे किंवा पात्याला पुरेसे पाणी दिलेले नाही. पाणी नीट दिलेल्या फ्रिझनवर कानस घासली तर ती धरत नाही, घसरते.

त्यानंतर नळीचा कान पाहावा, म्हणजे रंजकाची आग ज्या छिद्रातून आतल्या दारूपर्यंत जाते ते. त्याचा व्यास सहसा एक षोडशांश इंचाच्या आसपास असतो आणि तो रंजकदाणीच्या वरच्या कडेच्या पातळीत असावा. खूप खाली असेल तर रंजकाखाली गाडला जातो आणि आधी सुरसुर होऊन मग बार होतो. लॉक बदलता येते, पण चुकीच्या जागी पाडलेला कान दुरुस्त करणे खर्चाचे काम आहे.

आता आपल्या पर्यायांविषयी. ट्रॅडिशन्सची रायफल वाईट आहे असे मी म्हणणार नाही. तिने असंख्य लोकांना या छंदात आणले आहे. मात्र त्या किमतीत प्रत्येक नगाचे लॉक सारखे निघेल ही अपेक्षा धरू नये, आणि म्हणून ती न पाहता मागवू नये. त्यांच्या केंटकी नमुन्याचा दस्ता (रायफलीचा लाकडी भाग) दोन तुकड्यांचा असतो. पेनसिल्व्हेनिया नमुना त्याहून महाग, पण दिसायला आणि तोलायला बरा आहे. पेदेरसोली ही ब्रेशियाजवळच्या गार्दोने वाल त्रोंपिया येथील १९५७ मध्ये स्थापन झालेली कंपनी आहे. त्या खोऱ्यात बंदुका घडवण्याचे काम शतकानुशतके चालत आले आहे आणि त्यांच्या नळ्यांविषयी मला कधी शंका वाटली नाही. त्यांच्या फ्रंटियर रायफलीची नळी ३९ इंचांची असते आणि आतील खाचांचा पीळ ४८ इंचांत एक फेरा असा असतो, जो गोल गोळीला चालतो. आपल्या बजेटमध्ये तयार रायफल हवी असेल, तर मी हीच सुचवीन.

मेपलपान

जुनी नळी यांच्या लॉकविषयीच्या प्रत्येक वाक्याला अनुमोदन. मात्र त्याच कसोटीवर माझे उत्तर वेगळे येते. हॅरिसबर्गकर, तुम्हाला सुतारकाम येते ना, मग किबलर यांचा संच घ्या.

संच म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर महिनोन्‌महिने पटाशी चालवणे येते. जिम चेंबर्स यांच्या नॉर्थ कॅरोलायनातील संचात तसे काम खरेच बरेच असते आणि ज्यांना कारागिरी शिकायची आहे त्यांनी तो जरूर घ्यावा. किबलर यांच्याकडे लॉकची, नळीची आणि पितळी भागांची जागा संगणकावर चालणाऱ्या यंत्राने इतकी नेमकी कोरलेली असते, की तुमच्या वाट्याला मुख्यतः घासणे, जुळवणे आणि रंग-तेल करणे एवढेच उरते. लॉकही त्यांचे स्वतःचे असते आणि माझ्या पाहण्यात त्या किमतीत त्याच्या तोडीचे दुसरे नाही. कानाची जागा हा आकडेमोडीचा भाग त्यांनी आधीच सोडवलेला असतो, त्यामुळे वर सांगितलेला धोका राहत नाही.

मी माझा संच घरच्या जेवणाच्या टेबलावर जुळवला. धारीदार मेपलच्या दस्त्यावर लोखंड विरघळवलेल्या नायट्रिक ॲसिडचा हात दिला, की लाकूड आधी हिरवट-मळकट दिसते आणि आपण सगळे बिघडवले असे वाटते. मग हीट गन फिरवली की त्याच लाकडातून तांबूस तपकिरी पट्टे वर येऊ लागतात. हे काम घराबाहेर, हातमोजे आणि चष्मा घालूनच करावे. त्यानंतर ॲसिड सोड्याच्या पाण्याने मारावे आणि मग जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यावेत.

नमुना निवडताना एक काळजी घ्या. त्यांची सदर्न माउंटन रायफल दिसायला अतिशय देखणी आहे, पण ती लहान तोंडाची (म्हणजे नळीच्या कमी आतल्या व्यासाची) आहे आणि तिची नळी ४६ इंचांची आहे. पेनसिल्व्हेनियात हरणासाठी .४४ इंचापेक्षा लहान तोंड चालत नाही, तेव्हा ती घ्यायची असेल तर .४५ च घ्यावी लागेल. तुमची उंची आणि झाडीतली शिकार लक्षात घेता वूड्सरनर हा आखूड नळीचा नमुना .५० मध्ये घ्यावा, असे मला वाटते.

गारगोटी

मेपलपान ताईंचे म्हणणे योग्य आहे, पण ज्यांना संचात रस नाही अशा वाचकांसाठी जुन्या रायफलींविषयी लिहितो. थॉम्प्सन सेंटरची हॉकेन १९७० मध्ये बाजारात आली आणि अनेक वर्षे विकली गेली. लायमनची ग्रेट प्लेन्स इटलीत तयार होत असे आणि तिचा ६० इंचांत एक फेऱ्याचा पीळ गोल गोळीला उत्तम. दोन्ही आता नव्या मिळत नाहीत, पण वापरलेल्या अजून हाती लागतात. या हॉकेन पद्धतीच्या रायफलींत नळीच्या तळाशी दारूसाठी अरुंद कप्पा असतो. त्यात ओल किंवा तेल राहिले की बार उशिरा होतो किंवा होतच नाही, म्हणून साफसफाईनंतर तो कप्पा पाइप क्लीनरने कोरडा करावा लागतो. एवढी शिस्त असेल तर ही रायफल आयुष्यभर साथ देईल.

वापरलेली कोणतीही ठासणीची बंदूक हातात आली, की पहिले काम एकच: ती भरलेली आहे असे धरून चालावे. घोडा खाली सोडून ठेवावा, तोंड सुरक्षित दिशेला धरावे, गज (बार ठासायचा दांडा) नळीत तळापर्यंत सोडावा आणि तोंडाशी त्यावर खूण करावी. मग तोच गज बाहेरून नळीला लावून पाहावा. तो कानाच्या जवळ न पोचता इंच-दीड इंच आधीच थांबत असेल, तर आत बार भरलेला असण्याची दाट शक्यता आहे. वर्षानुवर्षे भिंतीवर टांगलेल्या बंदुका अशा निघालेल्या आहेत. अशी बंदूक स्वतः उपसत बसू नये, जाणत्या गनस्मिथकडे न्यावी.

हॅरिसबर्गकर

सर्वांचे मनापासून आभार. दोन शंका उरल्या आहेत. विकत घेण्याआधी हे सगळे नमुने हाताळायला कुठे मिळतील? आणि कायद्याच्या बाजूने काही अडचण येते का? मी ग्रीन कार्डधारक आहे.

जुनी नळी

आपल्यासाठी सोयीचे ठिकाण म्हणजे मेरिलँडमधील फोर्ट फ्रेडरिक. तेथे एप्रिलमध्ये अठराव्या शतकाच्या धाटणीचा बाजार भरतो. इंडियानातील फ्रेंडशिप या गावी नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशनच्या, म्हणजे १९३३ पासून चालत आलेल्या संस्थेच्या, राष्ट्रीय स्पर्धा होतात आणि तिथे विक्रेत्यांची अख्खी रांग असते. केंटकीतील लेक्सिंग्टनला स्वतंत्र कारागिरांचे ऑगस्टमध्ये प्रदर्शन भरते. पुढेमागे रायफल घडवून घ्यायची झाली, तर कारागिराचे काम तिथे आधी डोळ्यांनी पाहावे आणि मगच आगाऊ रक्कम द्यावी. करारात लॉक, नळी आणि मुदत या तिन्हींचा लेखी उल्लेख हवा. मुदत उलटून जाते, फोन उचलले जात नाहीत आणि रक्कम अडकून पडते, असे माझ्या परिचयातील एका गृहस्थांच्या बाबतीत घडले आहे.

कायद्याविषयी थोडक्यात. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टमध्ये काळ्या दारूवर चालणाऱ्या ठासणीच्या बंदुकीला 'अँटिक' समजले जाते, म्हणून ती सहसा थेट घरपोच येते. राज्यांचे नियम मात्र वेगळे असतात आणि न्यू जर्सीसारख्या राज्यांत ते कडक आहेत. हे वाचणाऱ्यांपैकी जे एच-१बी किंवा तत्सम व्हिसावर आहेत, त्यांनी बंदूक आणि दारू या दोन्हींविषयी वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. भारतात परतताना सामानात नेण्याचा विचार कोणीही करू नये. तिथे १९५९ चा शस्त्र अधिनियम लागू होतो.

मेपलपान

दारूचा विषय निघालाच आहे, तर सांगते. रायफल कोणाचीही घ्या, दारू खरी काळीच हवी. पायरोडेक्ससारख्या पर्यायी दारूला पेटायला जास्त उष्णता लागते आणि रंजकाची आग तिला पुरत नाही. नवीन मालकाने त्यामुळे कारागिराला दोष दिल्याचे मी पाहिले आहे. लुइझियानातील मिंडेन येथील गोएक्स या काळ्या दारूचा कारखाना २०२१ मध्ये बंद करण्याचे जाहीर झाले तेव्हा मोठी टंचाई झाली होती. पुढच्या वर्षी एस्टेस कंपनीने तो घेतला आणि माल पुन्हा येऊ लागला. स्विस आणि शुएत्झेन या युरोपीय दारूही चांगल्या आहेत. टपालाने मागवताना स्फोटक माल म्हणून वेगळे शुल्क बसते, तेव्हा क्लबमधल्या चार-पाच जणांनी मिळून मागवणे परवडते.

नळीत कधीही दारू साठवायच्या शिंगातून थेट दारू ओतू नये, मापाने मोजूनच घालावी. .५० च्या तोंडाला .४९० ची गोळी आणि १५ सहस्रांश इंच जाडीचा सुती पॅच (गोळीभोवती गुंडाळायचा कापडाचा तुकडा) हा सुरुवातीचा मेळ आहे. दारूचे प्रमाण निर्मात्याच्या पुस्तिकेतील किमान आकड्यापासून वाढवत न्यावे. पहिल्या दिवशी उडालेले पॅच मैदान मोकळे असताना काही पावले पुढे जाऊन शोधा. गोल, मळलेला आणि अखंड पॅच मिळाला तर सगळे ठीक आहे. कडेला कापलेला मिळाला, तर नळीच्या तोंडाची कड धारदार राहिली आहे. बारीक पॉलिश कागद अंगठ्याने फिरवून ती मऊ करता येते. मधोमध जळलेला मिळाला, तर पॅच पातळ किंवा कोरडा आहे.

हॅरिसबर्गकर

मग माझा विचार असा ठरतो आहे: एप्रिलमध्ये फोर्ट फ्रेडरिकला जाऊन पेदेरसोलीची फ्रंटियर आणि किबलरची वूड्सरनर दोन्ही खांद्याला लावून पाहायच्या, आणि दस्ता बेतात बसला तर .५० चा संच मागवायचा. हंगाम गाठण्याची घाई करणार नाही.

गारगोटी

उत्तम. जाताना जाड कोट घालून जा. शिकार डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत होणार आहे, आणि शर्टावर बरोबर बसणारा दस्ता कोटावर लांब पडतो.