मदत हवी आहे: मेंदूत गाठ, जागं ठेवून ऑपरेशन. कुणी केलंय का?

निशिगंध_धुळे
लवकर उत्तर हवंय. मेंदूत गाठ निघाली आहे, ऑपरेशन सांगितलंय, तेही जागं ठेवून. पुढच्या आठवड्यातली तारीख घ्यायची की नाही ते परवापर्यंत कळवायचंय. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा: किती दुखतं, बोलणं जातं का, आणि परत वर्गावर कधी उभं राहता येतं? "धीर धरा, सगळं ठीक होईल" असं कृपया लिहू नका. ते मैत्रिणींकडून रोज ऐकते आहे.

सुमेधा_ठाणे
गाठ कुठल्या बाजूला? किती मोठी? तुमचं वय? फिट आली होती का? एमआरआय रिपोर्टमध्ये शेवटी 'इम्प्रेशन' असतं, ते नाव-नंबर गाळून जसंच्या तसं इथे उतरवा. त्याशिवाय कुणी काय सांगणार?

अण्णा_मिरज
ताई, चिरफाड अजिबात करू नका. माझ्या मेव्हण्याला कानाच्या नसेवर गाठ होती. गॅमा नाईफ केलं, म्हणजे डोकं न उघडता बाहेरून किरण देतात ते, टाका नाही की काही नाही, त्याच आठवड्यात दुकानात बसला. हे उपलब्ध असताना डोकं उघडायचंच कशाला? आधी गॅमा नाईफची चौकशी करा.

निशिगंध_धुळे
वय २६. रिपोर्टमध्ये लिहिलंय: डाव्या सुपीरियर फ्रंटल गायरसमध्ये, एसएमएच्या भागात (बोलणं-हालचाल सुरू करून देणारा भाग), ४.१ बाय ३.२ सेंमी, कॉन्ट्रास्ट न घेणारी गाठ, लो ग्रेड ग्लायोमाची (मेंदूच्या आधारपेशींपासून होणारी, हळू वाढणारी गाठ) शक्यता. महिन्यापूर्वी शिकवत असताना शब्दच फुटेना, उजवा हात झटके देऊ लागला, पुढचं आठवत नाही. तेव्हापासून लेव्हेटिरासिटाम ही फिटची गोळी चालू आहे. आता तरी मूळ प्रश्नाचं उत्तर द्या कुणीतरी.

पारवा
मी केलंय. २०१९ मध्ये, तेव्हा वय २९, माझीही डावी फ्रंटल. ऑलिगोडेन्ड्रोग्लायोमा निघाला, ग्लायोमाचाच एक प्रकार, ग्रेड २.

आधी दुखण्याचं सांगतो. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाहीत. दुखतं ते डोक्याच्या कातडीला आणि हाडाखालच्या आवरणाला, आणि तिथे भुलीची इंजेक्शनं देतात. मला सुरुवातीला पूर्ण झोपवलं होतं, कवटी उघडून झाल्यावर उठवलं, गाठ काढून झाल्यावर परत झोपवलं. काही ठिकाणी पूर्ण वेळ नुसत्या गुंगीवर ठेवतात. तुमच्याकडे काय करणार ते भूलतज्ज्ञांना आजच विचारा. खरा त्रास झाला तो एका कुशीवर पडून राहण्याचा, घशाला कोरड पडण्याचा आणि थंडी वाजण्याचा. डोकं पकडीत घट्ट बसवलेलं असतं, मान जराही हलवता येत नाही. हे आधी माहीत असलं की घाबरायला होत नाही.

जागं ठेवतात ते बोलणं वाचवण्यासाठीच. समोर चित्रं दाखवत होते, मी म्हणत होतो, "हे कुलूप आहे", "ही छत्री आहे". मध्येच एक चित्र आलं. कंदील. दिसतोय, कळतोय, पण नाव तोंडातून निघेना. सर्जन तिथे विजेचा अगदी बारीक प्रवाह देऊन बघत होते. प्रवाह काढला, शब्द परत आला, आणि ती जागा त्यांनी सोडून दिली.

नंतर काही आठवडे वाक्यं तुटायची, बँकेतल्या सहकाऱ्यांची नावं आठवायची नाहीत. ते भरून आलं. थकवा मात्र फार काळ राहिला, चार माणसं एकदम बोलायला लागली की डोकं शिणायचं. वर्गावर परत जाताना आधी एक तास, मग दोन, असंच जा.

एक विचारतो: घरी कुठली भाषा बोलता?

निशिगंध_धुळे
@पारवा, खूप आभार. हेच हवं होतं. घरी अहिराणी. क्लासमध्ये अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, मराठी-इंग्रजी मिसळून. पण भाषेचा काय संबंध?

पारवा
दोन-तीन भाषा बोलणाऱ्यांच्या मेंदूत काही जागा सामाईक असतात, काही एकाच भाषेच्या असू शकतात. एकाच भाषेत तपासलं तर दुसरीची जागा निसटू शकते. तुमच्या टीममध्ये अहिराणी येणारं बहुतेक कुणी नसेल. म्हणून चित्रांचा संच आधी मागून घ्या, घरच्या कुणाकडून अहिराणी नावं लिहून किंवा रेकॉर्ड करून घ्या आणि स्पीच थेरपिस्टना द्या. शिकवणं ही तुमची भाकरी आहे हेही सांगा, म्हणजे नुसती नावं न विचारता एखादा नियम समजावून सांगायला लावतील.

रेवाकाठ
मी न्यूरोसर्जरी विभागात रेसिडेंट आहे, पण रिपोर्ट न बघता निर्णय सांगणार नाही. फक्त अण्णांच्या मुद्द्याबद्दल: कानाच्या नसेवरच्या गाठीची कड स्पष्ट असते, ती लहान असेल तर तिथे गॅमा नाईफ चांगलं चालतं. ग्लायोमा आजूबाजूच्या मेंदूत पसरत जातो, त्याला अशी कड नसते. शिवाय तुकडा हातात आल्याशिवाय नेमका प्रकार कळत नाही. दोन्ही आजार वेगळे आहेत.

निशिगंध, तुमच्या पोस्टमध्ये एक गोष्ट नाहीये. तारीख मिळते आहे, तरी तुम्ही अडला आहात. कशावर?

अण्णा_मिरज
मी डॉक्टर नाही, पण मेव्हण्याला या डोळ्यांनी बघितलंय. विचारायला काय हरकत आहे एवढंच म्हणणं आहे.

रेवाकाठ
विचारायला हरकत नाही. "अजिबात करू नका" याला हरकत आहे. ती २६ वर्षांची आहे आणि तिला परवा उत्तर द्यायचंय.

निशिगंध_धुळे
अडले आहे कारण दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, घाई नको, तीन महिन्यांनी परत एमआरआय करू. पहिले म्हणतात आत्ताच काढा. आणि आई-वडिलांना अजून गाठीचं सांगितलेलं नाही. त्यांना फक्त फिट आणि गोळ्या माहीत आहेत. वडिलांची बायपास झाली आहे. घरात स्थळं बघणं चालू आहे. सध्या मी कुणावरही खेकसते, भावावरसुद्धा.

सुमेधा_ठाणे
खेकसण्याबद्दल आधी. लेव्हेटिरासिटामने चिडचिड होते, बऱ्याच जणांना होते. माझी बहीण या गोळीने इतकी बदलली होती की आम्हाला ओळखू येत नव्हती. डॉक्टरांना सांगा, ते डोस किंवा औषध बदलू शकतात. स्वतःहून गोळी बंद करू नका, फिट उलटू शकते.

दुसरं, जरा अवघड आहे पण सांगतेच. काढलेल्या गाठीच्या रिपोर्टनंतर रेडिएशन किंवा टेमोझोलोमाइड (केमोची गोळी) लागलं, तर ते सुरू होण्याआधी बीजांडं गोठवून ठेवण्याबद्दल विचारा. साधारण दोन आठवडे लागतात. बहिणीला हे कुणी सांगितलंच नाही.

मालतीकाकू
अगं, पोरीचं ऑपरेशन व्हायचंय आणि आत्ता हे कशाला? आणि निशिगंध बाळा, स्थळांकडे यातलं काही बोलू नकोस. एकदा कानावर गेलं की गावभर होतं. बरी हो, मग बघू.

सुमेधा_ठाणे
काकू, केमो सुरू झाल्यावर विचारून उपयोग नसतो, म्हणून आत्ता. आणि लपवून लग्न लावलं, पुढे एमआरआय आणि गोळ्या दिसल्या, की सगळं तिच्याच अंगावर येणार.

मालतीकाकू
मी लपवून लग्न लावा म्हटलं नाही. आजच्या आज सगळ्यांना सांगू नका म्हटलं.

चिंतामणी_नाशिक
जुनी करप्रणाली निवडली असेल तर आयकरात गंभीर आजाराच्या खर्चाची वजावट बघा (१९६१ च्या कायद्यात कलम ८०डीडीबी). कॅन्सर निघाला तर उपचारखर्चावर ४० हजारांपर्यंत वजावट मिळते, तज्ज्ञ डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन लागतं. बिलं जपून ठेवा. विमा नसेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. रुग्णालय योजनेत आहे का आणि हे ऑपरेशन त्यात बसतं का, ते तिथल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारा.

रेवाकाठ
निशिगंध, दोन मतं पडली याचा अर्थ एक डॉक्टर चुकीचा असा नाही. थांबून बघण्याची पद्धत पूर्वीपासून आहे. पण नॉर्वेतल्या दोन रुग्णालयांची तुलना २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. एकीकडे बहुतेकांची बायोप्सी करून थांबत, दुसरीकडे लवकर गाठ काढत. लवकर काढणाऱ्या ठिकाणचे रुग्ण जास्त जगले. आज कल सुरक्षितपणे जितकी निघेल तितकी लवकर काढण्याकडे आहे. तुमच्या बाबतीत 'सुरक्षितपणे' या शब्दावर सगळं अवलंबून आहे. सर्जनना तीन गोष्टी विचारा: अशी जागरूक ऑपरेशनं ते नेहमी करतात का, अंदाजे किती गाठ निघेल, आणि एसएमएचा भाग असल्यामुळे नंतर काय अपेक्षित आहे. आणखी मत हवं असेल तर टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या तज्ज्ञांचं मत 'नव्या' या सेवेवरून ऑनलाइन मागता येतं. त्यासाठी तारीख थोडी पुढे ढकलली तर चालेल का, हे सर्जनना सरळ विचारा.

आणि आई-वडिलांना सांगा. ऑपरेशननंतर सही, निरोप, निर्णय कुणीतरी घ्यावे लागतात. ते त्यांना फोनवर अचानक कळण्यापेक्षा आज तुमच्या तोंडून कळलेलं बरं. वडिलांच्या हृदयाच्या डॉक्टरांशी आधी बोलून घ्या.

निशिगंध_धुळे
भावाला घेऊन सर्जनकडे जाऊन आले. अशी ऑपरेशनं ते नेहमी करतात. तारीख घेतली. भाऊ रात्रीच्या बसने धुळ्याला निघालाय, समोर बसून सांगतो म्हणाला. अहिराणी नावं आई सांगेल.

निशिगंध_धुळे
मी तिचा भाऊ, तिच्या आयडीवरून लिहितोय. ऑपरेशन झालं. शेवटपर्यंत बोलत होती, अहिराणीतसुद्धा. पण दुसऱ्या दिवसापासून काहीच बोलत नाहीये. ऐकते सगळं, सांगितलं तर जीभ बाहेर काढते, डोळे मिटते, पण स्वतःहून शब्द नाही. उजवा हातही फार उचलत नाही. सीटी केलं, रक्तस्राव नाही म्हणाले. अपेक्षित आहे म्हणतात. आई रडते आहे. हे खरंच परत येतं का?

रेवाकाठ
याला एसएमए सिंड्रोम म्हणतात. त्या भागातल्या ऑपरेशननंतर बोलायला आणि हालचालीला सुरुवातच होत नाही, समजतं मात्र सगळं. बहुतेकांचं काही आठवड्यांत ते काही महिन्यांत भरून येतं. बारीक कामात थोडी मंदगती राहू शकते. फिजिओ आणि स्पीच थेरपी आत्तापासूनच सुरू करायला सांगा. गुंगी वाढली, फिट आली किंवा उलट्या सुरू झाल्या तर लगेच नर्सना बोलवा.

पारवा
दादा, तिच्याशी बोलत राहा, पण एका वेळी एकाच माणसाने. "हो की नाही" असं उत्तर देता येईल असं विचारा, मान हलवू दे. आईंना सांगा, तिला सगळं कळतंय, म्हणून तिच्यासमोर "आता कसं होणार" असं बोलू नका. आणि पॅथॉलॉजीत विचारून ठेवा की आयडीएच आणि १पी/१९क्यू (गाठीतले जनुकीय बदल) तपासायला पाठवलंय का. पुढचं औषध त्यावर ठरतं. आयडीएच बदल असलेल्या ग्रेड २ गाठींसाठी ऑपरेशननंतर घ्यायची व्होरासिडेनिब ही गोळी अमेरिकेत २०२४ मध्ये मंजूर झाली आहे. डिस्चार्जच्या वेळी गाठीच्या तुकड्याचे ब्लॉक आणि स्लाइड कशा मिळतील तेही विचारा, दुसरीकडे दाखवायला लागतात.

निशिगंध_धुळे
विचारतो. थेरपिस्ट उद्या सकाळी येणार आहेत.