मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर, वेळ आणि आपले अनुभव

मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामधील कमीत कमी हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. थेट विमानाला जाताना साधारण सोळा तास लागतात आणि येताना चौदा. आपण कोणता मार्ग घेतला, घरापासून घरापर्यंत किती वेळ गेला आणि तो कशात गेला, हे सविस्तर लिहावे.

एडिसन, न्यू जर्सी

येताना दोन तास वाचतात ते उंचावरील पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्यांमुळे, आणि हिवाळ्यात हे वारे अधिक जोरकस असल्याने हा फरक प्रकर्षाने जाणवतो. घड्याळ मात्र उलटाच भास निर्माण करते. उन्हाळ्यात मुंबईहून मध्यरात्रीनंतर दीड वाजता निघालेले विमान सोळा तास उडून त्याच दिवशी सकाळी आठच्या सुमारास न्यूयॉर्कला उतरते, कारण तेथील वेळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते (हिवाळ्यात साडेदहा). नातेवाईक तिकिटावरील वेळा पाहून "साडेसहा तासांत पोचलात?" असे विचारतात, तेव्हा फोनवर बराच वेळ समजावत बसावे लागते.

पुणे

सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर मार्ग अरबस्तान, आफ्रिका आणि अटलांटिक महासागरावरून जाईल असे वाटते. पृथ्वीगोलावर दोरा ताणला तर तो पाकिस्तान, मध्य आशिया, रशिया, फिनलंड ओलांडून आइसलंडवरून आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून जातो. प्रत्यक्षात हा मार्ग क्वचितच पुरता मिळतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केल्यावर दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला उतरावे लागले. त्या मानाने मुंबईकर सुदैवी, कारण समुद्रावरून थेट आखाताकडे वळता येते.

थांबा घेतल्याने अंतर फारसे वाढत नाही, ही गोष्ट मला अधिक उद्बोधक वाटते. लंडनमार्गे जेमतेम २०० किलोमीटर वाढतात, दुबईमार्गे सुमारे ४००. वेळ वाढतो तो जमिनीवर, पुढच्या विमानाची वाट पाहण्यात.

सांगली

आमचा प्रवास विमानतळावर सुरू होत नाही. रात्रीच्या बसने मुंबई, दिवसभर बहिणीकडे विश्रांती, उड्डाणाच्या तीन तास आधी विमानतळ, आणि उतरल्यावर पासपोर्ट तपासणीची रांग; विमानातील सोळा तास हा एकूण वेळेचा निम्मा भागही भरत नाही. मधुमेहामुळे माझ्यापुढे खरा प्रश्न असतो तो इन्सुलिनच्या वेळांचा. निघण्याआधी डॉक्टरांकडून भारतीय वेळेनुसार तक्ता लिहून घेते आणि पोचेपर्यंत मनगटावरचे घड्याळ बदलत नाही. औषधे हातातल्या पिशवीतच ठेवते. एकदा लेकाने स्वस्त पडते म्हणून आखातातील रात्रभराचा थांबा घेतला होता. वाचलेले पैसे खुर्चीत बसून सुजलेल्या पायांच्या मानाने फारच थोडे होते, असे मी त्याला स्पष्ट सांगितले. आता थेट विमान, मार्गिकेलगतची जागा आणि व्हीलचेअरची आगाऊ नोंद, एवढ्यावर मी ठाम असते.

ठाणे

सांगलीच्या ताईंना एक पुस्ती जोडतो. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एका तासाने सरकते. त्या सुमारास जात असाल, तर औषधांचा तक्ता करण्यापूर्वी दोन्ही शहरांमधील फरक पुन्हा पाहावा.