मदत हवी आहे: एबीएस काढण्याचा अर्ज वकिलांनी परत पाठवला

माळरान:
अमेरिकेतल्या एका छोट्या मालवाहू रेल्वेचं काम आहे. ११ मैलांच्या पट्ट्यातलं एबीएस, म्हणजे पुढच्या ब्लॉकात (तुकड्यात) गाडी आहे का ते ओळखून आपोआप बदलणारे सिग्नल, पूर्ण काढायचंय. भाग २३५ (सिग्नल काढण्या-बदलण्याच्या मंजुरीचे संघीय नियम) खालचा अर्ज तयार केला, तर रेल्वेच्या वकिलांनी वर एकच शब्द लिहून परत पाठवला: 'अपुरा'. दिवसाला दोन गाड्या, जुनाट रिले, सुटे भाग मिळत नाहीत. यात अपुरं काय? मंजूर झालेल्या अर्जाचा नमुना असेल तर टाका. सोमवारी द्यायचाय. 'भाग २३५ वाचा' असं कृपया सांगू नका, वाचलाय.

रिलेरूम:
नमुन्याने काही होणार नाही, आधी माहिती द्या.
सिग्नल गेल्यावर गाड्या कशावर चालणार? ट्रॅक वॉरंट (गाड्यांचं नियंत्रण करणाऱ्या डिस्पॅचरने ठरावीक पट्ट्यासाठी दिलेली परवानगी), यार्ड लिमिट्स (यार्डाच्या हद्दीचे नियम), की मेन ट्रॅकचा दर्जाच काढून जीसीओआर ६.२८ (नियमपुस्तकातला मेन ट्रॅकबाहेर गाडी हलवण्याचा नियम)?
कमाल वेग आज किती, नंतर किती?
प्रवासी गाडी आहे का? क्लोरीन-अमोनियाच्या टाक्या जातात का?
हाताने फिरवायचे सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे) किती, त्यातल्या कितींना सिग्नलशी बांधलेलं इलेक्ट्रिक लॉक?
रस्त्याची फाटकं किती?
पट्ट्याच्या दोन्ही टोकांना काय आहे?
लाइन कायमची सोडून द्यायला रीतसर मंजुरी मिळालेली असेल तर गोष्टच वेगळी. मग २३५.७ प्रमाणे अर्जच लागत नाही.

तारायंत्र:
काढताय कशाला पण? सिग्नलची खबर नेणाऱ्या खांबांवरच्या तारेचा त्रास असेल तर तार काढा, सिग्नल ठेवा. इलेक्ट्रॉनिक कोडेड ट्रॅक सर्किट (रुळातून वाहणाऱ्या विजेवर गाडी ओळखणारं) घाला, माहिती रुळातूनच पुढच्या सिग्नलला जाते. या बदलाला अर्ज नाही. ६० दिवस आधी एफआरएच्या (संघीय रेल्वे प्रशासन) विभागीय कार्यालयाला नोटीस आणि प्रोफाइल प्लॅन द्यायचा, त्याच वेळी सिग्नल सांभाळणाऱ्यांच्या आणि गाड्या चालवणाऱ्यांच्या प्रतिनिधींना प्रत. त्या मुदतीत स्थगिती आली नाही की मान्य.

माळरान:
@तारायंत्र, पैसे नाहीत. काढायचंच ठरलंय.
@रिलेरूम, लाइन चालू राहणार. प्रवासी नाही. टाक्या कधीमधी. पुढे ट्रॅक वॉरंट. वेग ५०, त्यात बदल नाही असं अर्जात लिहिलंय. बाकीचं कशाला हवं?

रिलेरूम:
सापडली पहिली गोम. सिग्नलच्या नियमांतलं २३६.० बघा. मालगाडी ताशी ५० मैल किंवा जास्त, प्रवासी गाडी ६० किंवा जास्त असेल, तर ब्लॉक सिग्नल हवेत, नाहीतर पीटीसी (चालक चुकला तरी गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा). हा दंडक १९४७ च्या आयसीसीच्या (तेव्हाचा आंतरराज्य वाणिज्य आयोग) आदेशापासूनचा आहे. डार्क टेरिटरीत (सिग्नल नसलेल्या पट्ट्यात) टाइमटेबलवर ४९ आणि ५९ असे विचित्र आकडे दिसतात ते त्यामुळेच. तुम्ही एका ओळीत सिग्नल काढताय आणि पुढच्या ओळीत ५० ठेवताय. वकील सिग्नलचा माणूस नसला तरी एवढं त्याला दिसणारच.

रूळदोष:
पण मुळात ५० आले कुठून? ट्रॅक कुठल्या क्लासचा (देखभालीच्या दर्जाचा) आहे? क्लास ३ वर मालगाडीला ४० च मिळतात. ५० हवे तर क्लास ४ लागतो, आणि दोन गाड्यांसाठी तो कोणी सांभाळत नाही.

माळरान:
क्लास ३ च आहे. ५० जुन्या टाइमटेबलमधून उचलले होते. बरं, ४० करतो. झालं ना?

रूळदोष:
झालं कसलं. 'सुरक्षिततेवर परिणाम होईल का' या प्रश्नाला काय उत्तर दिलंय?

माळरान:
'परिणाम नाही.'

रूळदोष:
तिथे दुसरी गोम. ट्रॅक सर्किट काढलं की तुटलेला रूळ कळायची एक वाट बंद होते. आज रूळ तुटून फट पडली की सर्किट तुटतं आणि सिग्नल लाल होतो. उद्या ते पहिल्या गाडीलाच कळणार. परिणाम आहे असं सरळ लिहा आणि खाली भरपाई लिहा: वर्षातून किती वेळा अल्ट्रासोनिक तपासणी, कडक थंडीत जादा गस्त कुठल्या तापमानाखाली, वेग किती उतरवला.

तारायंत्र:
म्हणूनच म्हणतोय, सिग्नल ठेवा.

रिलेरूम:
ट्रॅक सर्किटला एवढं डोक्यावर घेऊ नका. टाय प्लेटवर (रुळाखालच्या लोखंडी पट्टीवर) तुटलेला रूळ दोन्ही टोकं लोखंडावर टेकून राहतो, सर्किट चालूच. आतला आडवा तडा पूर्ण फुटेपर्यंत सिग्नलला कळत नाही. तो अल्ट्रासोनिकलाच सापडतो.

रूळदोष:
सगळे सापडतात असं मी कुठे म्हटलं? सापडत होते ते आता सापडणार नाहीत, एवढंच. अर्जात तेच तर विचारतात.

भुसावळ_जंक्शन:
आपल्याकडे अशा कामाला सीआरएसची (रेल्वे सुरक्षा आयुक्तांची) मंजुरी लागते. आधी सिग्नल इंटरलॉकिंग प्लॅन (सिग्नल आणि सांधे एकमेकांशी बांधण्याचा आराखडा) मंजूर करून घ्यायचा, मग नॉन-इंटरलॉक्ड वर्किंगचा कार्यक्रम, सूचना निघतात, सांध्यांना क्लॅम्प आणि कुलूप. सीआरएस नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतात, रेल्वेखाली नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

गप्पू:
काका, धागा अमेरिकेचा आहे :)

भुसावळ_जंक्शन:
ठाऊक आहे. तार इकडची असो वा तिकडची, बदलानंतर सर्किट तपासायचंच. ओडिशात बहानगा बाजारला २ जून २०२३ ला अपघात कसा झाला ते आठवा. फाटकाच्या कामात सर्किट बदललं, सांधा लूपकडे (बाजूच्या रुळाकडे) आणि सिग्नल मेन लाइनचा. फाटकांचं विचारलंत का यांना?

फाटकवाला:
काकांनी बरोब्बर बोट ठेवलं. फाटकं किती आणि कुठल्या जातीची ते सांगा. काय बिघडतं ते तोवर लिहून ठेवतो.

एबीएस आणि फाटक एकाच रुळावर राहतात. फाटकाच्या अप्रोचची (गाडी आली की इशारा सुरू होतो त्या पट्ट्याची) हद्द जर ब्लॉकच्या इन्सुलेटेड जॉइंटवर (रुळातली वीज अडवणाऱ्या जोडावर) ठरलेली असेल आणि तुम्ही तो जॉइंट काढून साधा रूळ जोडलात, तर अप्रोच कुठे संपतो हेच बदललं. जॉइंट काढायचा की ठेवायचा, हे प्रत्येक फाटकासाठी वेगळं ठरवावं लागतं.

फाटकावर प्रेडिक्टर (गाडीच्या वेगावरून इशाऱ्याची वेळ ठरवणारं यंत्र) असेल तर वाटेतल्या जॉइंटवर त्याची खबर पलीकडे नेणारे बायपास कपलर बसवलेले असतात. जॉइंट गेला की कपलरही काढा आणि प्रेडिक्टर नव्याने कॅलिब्रेट करा. टोकाचा टर्मिनेशन शंट (अप्रोचची हद्द ठरवणारा) मात्र हलवू नका. तो सिग्नलच्या सामानातला समजून उचलून नेतात, मग अप्रोचची लांबी चुकते आणि घंटा कधी लवकर, कधी उशिरा. गाडीआधी किमान २० सेकंद इशारा मिळालाच पाहिजे, ते २३४.२२५. वेळ मोजायची चाचणी २३४.२५९ मध्ये आहे. फाटक पुन्हा चालू करण्याआधी ती करा, नंतर नव्हे.

सगळ्यात जास्त फसतं ते खांबांवरच्या तारेत. एका फाटकाची खबर शेजारच्या फाटकाला त्याच तारेने जाते. कधीकधी फाटकाच्या चार्जरची वीजसुद्धा त्याच खांबांवरून येते. तार उतरवली की पहिले एक-दोन दिवस बॅटरी ओढते, कोणाला काही कळत नाही. बॅटरी संपायला आली की दांडा खाली येतो तो वर जातच नाही. लोक वळसा घालून जायला लागतात, आणि खरी गाडी येते तेव्हाही तसेच जातात.

आणि क्रॉसिंग इन्व्हेंटरीचा (फाटकांच्या नोंदीचा) ६१८०.७१ हा फॉर्म. त्यात लाइनवर सिग्नल आहेत का असा रकाना आहे, तो प्रत्येक फाटकासाठी बदलावा लागेल.

माळरान:
फाटकं ७. चारांवर प्रेडिक्टर, तीन जुनी डीसीवाली (साध्या ट्रॅक सर्किटवरची). दोघांची वीज खांबांवरूनच आहे बहुतेक. हे सगळं अर्जात?

फाटकवाला:
'बहुतेक' लिहू नका, जाऊन मीटर बघा. अर्जात प्रत्येक फाटकाची एक ओळ पुरे: आज हद्द कशावर, उद्या कशावर, वीज कुठून.

रिलेरूम:
सांध्यांचं उत्तर अजून आलं नाही.

माळरान:
नऊ. तिघांना इलेक्ट्रिक लॉक. लॉक सिग्नलबरोबरच काढतोय.

रिलेरूम:
मग 'कामकाजातले बदल' या कलमात 'ट्रॅक वॉरंट लागू' एवढ्यावर भागणार नाही. एबीएसमध्ये सांधा उलटा राहिला तर सिग्नल अडवतो. डार्क टेरिटरीत अडवायला कोणी नाही. ग्रॅनिटव्हिल, साउथ कॅरोलायना, ६ जानेवारी २००५: साइडिंगचा सांधा उघडा राहिला, गाडी उभ्या गाडीवर गेली, क्लोरीनची टाकी फुटली, ९ जण गेले. तिथे सिग्नल नव्हते. त्यानंतर आणीबाणी आदेश क्रमांक २४ आला आणि २००८ मध्ये भाग २१८ चा उपभाग एफ (सांधे हाताळण्याचे नियम). तुमच्याकडे टाक्या 'कधीमधी' जातात म्हणता, तर नऊही सांध्यांचं लिहा. सांधा कोण फिरवणार, परत लावून कुलूप घातल्याची खात्री कोण कोणाला देणार, आणि ते कळल्याशिवाय डिस्पॅचर वॉरंट मोकळं करणार नाही हे कुठल्या नियमात आहे.

क्रॉयडनकर:
नकाशात काढायचं सामान हिरव्या रंगात दाखवा, नवीन लाल. चटकन कळतं.

रिलेरूम:
हिरवा इंग्लंडमध्ये. अमेरिकेत काढायचं ते पिवळं, घालायचं ते लाल. कोपऱ्यात रंगांची सूची द्या म्हणजे वाद नको. आजचा आणि उद्याचा असे दोन्ही आराखडे हवेत, आणि घडी घालून साडेआठ बाय अकरा इंचात बसले पाहिजेत.

क्रॉयडनकर:
पिवळा फोटोकॉपीत दिसत नाही, म्हणून आमच्याकडे हिरवा.

गप्पू:
आता रंगांवर शंभरी गाठणार हा धागा.

फाटकवाला:
अर्जावर सही कोणाची आहे?

माळरान:
आमच्या फर्मची. कन्सल्टंट म्हणून.

फाटकवाला:
मग वकिलांचं बरोबर आहे. २३५.१३: सही रेल्वेच्या अधिकृत अधिकाऱ्याचीच. तुम्ही कितीही लिहा, सही त्यांची.

माळरान:
ठीक. ४० मैल, परिणाम आणि भरपाई, सात फाटकं, नऊ सांधे, सही. सोमवारी दिला तर मंजुरी किती दिवसांत? ठेकेदाराला तारीख हवीय.

रिलेरूम:
दिवसांत नाही, महिन्यांत मोजा. आधी डॉकेट (अर्जाची सार्वजनिक फाइल) उघडतं, फेडरल रजिस्टरमध्ये (सरकारी राजपत्रात) सूचना येते, लोकांना हरकतीला मुदत मिळते, मग एफआरएचं सेफ्टी बोर्ड निर्णय देतं, बहुधा अटींसह. सिग्नलमन युनियनची हरकत येणार असं धरूनच चाला. दुरुस्ती परवडत नाही एवढंच कारण दिलंत तर तुम्हीच त्यांचं काम सोपं करताय. गाड्यांची संख्या, वेग, नवी पद्धत, हा क्रम ठेवा. पैसा शेवटी.

माळरान:
तोवर सिग्नल बंद ठेवून वॉरंटवर गाड्या चालवल्या तर? नाहीतरी अर्धे लालच असतात.

फाटकवाला:
अजिबात नको. मंजुरीआधी बंद करणं म्हणजे परवानगीशिवाय काढणंच, दंड वेगळा. पूर-आग-अपघाताने मोडले तर सहा महिन्यांपर्यंत सूट आहे, गंजले म्हणून नाही. आणि केस या गावचा (साउथ कॅरोलायना) ४ फेब्रुवारी २०१८ चा अपघात वाचा. पीटीसीच्या कामासाठी सिग्नल बंद होते, गाड्या वॉरंटवर, सांधा साइडिंगकडे राहिला, ॲमट्रॅकची गाडी उभ्या मालगाडीवर गेली, चालक आणि कंडक्टर दोघेही गेले. चालू-बंदच्या मधला काळच सगळ्यात वाईट.
मंजुरी आल्यावरचा क्रम: आधी जनरल ऑर्डर (रेल्वेचा लेखी आदेश), तारीख आणि वेळेसह. त्या वेळेला सगळ्या सिग्नलची तोंडं रुळापासून वळवून झाकायची, एकही विझलेला पण समोर बघणारा सिग्नल सोडायचा नाही. मग फाटकांच्या चाचण्या. खांब आणि तार सगळ्यात शेवटी.

तारायंत्र:
कोडेड सर्किट घातलं असतं तर यातलं काहीच करावं लागलं नसतं. असो.

रिलेरूम:
@माळरान, माझा शेवटचा प्रश्न तसाच राहिलाय. दोन्ही टोकांना काय आहे?

माळरान:
पश्चिमेला आमचं यार्ड. पूर्वेला दुसऱ्या रेल्वेशी डायमंड (दोन लाइनी एकमेकींना छेदतात ती जागा), तिथे ऑटोमॅटिक इंटरलॉकिंग (आलेल्या गाडीला आपोआप वाट देणारे सिग्नल). ते राहणार आहे, म्हणून लिहिलं नाही.

रिलेरूम:
अहो, ते राहणार आहे म्हणूनच लिहायला हवं! तुमच्या बाजूच्या होम सिग्नलच्या (इंटरलॉकिंगच्या तोंडावरच्या) आधी अप्रोच सिग्नल लागतो, २३६.३१०. तो तुमच्या एबीएसमधलाच शेवटचा सिग्नल असणार आणि नकाशात तुम्ही तो पिवळा केला असणार. होम सिग्नलांमधून जायचा वेग २० किंवा कमी असेल तर कायम 'पुढे थांबायच्या तयारीने या' दाखवणारा अचल सिग्नल चालतो. नाहीतर चालता सिग्नल, त्याचं सर्किट, त्याची वीज, सगळं ठेवावं लागेल. म्हणजे पट्टा ११ मैलांचा राहत नाही. आणि इंटरलॉकिंगच्या सर्किटला हात लागणार असेल तर ती रेल्वेही अर्जात सामील हवी.

माळरान:
डायमंडवरून आमच्या गाड्या ३० ने जातात. म्हणजे चालता सिग्नल. नकाशा परत काढतो.

रिलेरूम:
आणि त्या दुसऱ्या लाइनवरून प्रवासी गाडी जाते का?

माळरान:
हो, आठवड्यातून तीनदा. का?